गोलकीपरची शनिवारची टोपी

मी टोपी बोलतेय. चपटी, जाड लोकरीची, कपाळावर छोटीशी चोच आलेली. आता माझा रंग कुठला हे मलाही सांगता येणार नाही, पण एकेकाळी मी राखाडी होते, एवढं माझ्या शब्दावर माना. टोपीला कसली आलीय कहाणी, असं वाटत असेल तर आत्ताच उठा. मला राग येणार नाही. बसलात तर मात्र मध्ये बोलू नका.

क्रेगमूर या खाणवस्तीतल्या सोसायटीच्या दुकानातून मला नेट्टी मेकलनं घेतलं. तिच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिनं मला उलटं केलं, शिवण ओढून बघितली, आतून वाससुद्धा घेतला. मग दुकानदाराला म्हणाली, "ही द्या. टिकेल. माझा नवरा फार लोळतो."

"खाणीत का?"

"नाही हो, गोलात."

तिचा नवरा गॅव्हिन आठवडाभर सात नंबरच्या खाणीत कोळसा फोडायचा आणि शनिवारी दुपारी क्रेगमूर थिसल या फुटबॉल क्लबच्या गोलात उभा राहायचा. घरी दारामागे दोन खिळे होते. एकावर मी. दुसऱ्यावर त्याची खाणीची टोपी, तेलकट, काळी ठिक्कर, पुढे दिवा अडकवायचा आकडा असलेली. पहिले काही महिने मी तिच्याशी बोललेच नाही. वास यायचा हो तिला! पण शेजार म्हटला की किती दिवस तोंड फिरवून बसणार? हळूहळू ती मला जमिनीखालच्या गोष्टी सांगायला लागली आणि मी तिला वरच्या.

गॅव्हिन पहिल्यांदा थिसलकडून उतरला तेव्हा पेपरात त्याचं नावच आलं नाही. आमच्याकडे पद्धतच आहे. नव्या खेळाडूला आजमावायला उतरवलं की त्याचं नाव छापत नाहीत, दुसऱ्या क्लबांनी पळवू नये म्हणून. नुसतं 'नवा गडी' छापतात. सोमवारी पेपरात आलं, 'नव्या गड्याने गोल राखला.' नेट्टीनं ते कात्रण आरशात खोचलं आणि पुढे कितीतरी दिवस नवऱ्याला 'ए नव्या गड्या, पाणी आण' असं राबवून घेतलं.

माझं काम सरळ होतं. मैदानाच्या पश्चिमेला खाणीतून काढून टाकलेल्या दगडमातीचा काळा डोंगर होता. हिवाळ्यात सूर्य त्याच्यावरून थेट गोलकीपरच्या डोळ्यांत घुसायचा. चेंडू हवेत गेला की मी सावली धरायची आणि गॅव्हिनचे ते फावड्यांएवढे हात वर जायचे. ओला, जड, चामड्याचा चेंडू त्या हातांत बसला की धप्प आवाज यायचा. गोलामागची मंडळी ओरडायची, "मेकल, घरी ने तो! बायकोला चुलीवर ठेवायला दे!" मला तो आवाज फार आवडायचा. दोन हिवाळे आमचं असं मजेत चाललं.

तिसऱ्या हिवाळ्यात मी घसरायला लागले.

आधी वाटलं, आपलंच माप सैल झालं. पण तसं नव्हतं. गॅव्हिन मान मागे टाकायला लागला होता. सरळ उभा राहायचा, हनुवटी वर, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि माझ्या चोचीखालून बघायचा. लोकांना काय, निमित्तच हवं असतं! "काय रे मेकल, राजाचा जावई झालास का? नाक केवढं ते वर!" एकानं तर गोलामागून विचारलं, "आम्ही दिसतो का रे तुला तिथून?" सगळे हसले. गॅव्हिनही हसला. पण त्याच्या कपाळाला घाम सुटला होता आणि तो मलाच टिपावा लागला.

मी घरी येऊन खाणीच्या टोपीला म्हटलं, "बाई, यश डोक्यात गेलंय याच्या."

ती म्हणाली, "यश कसलं डोंबलाचं! नाच लागलाय त्याला."

मग तिनंच मला सांगितलं. सात नंबरमध्ये थर इतका बुटका की माणसाला कुशीवर पडून कोळसा फोडावा लागतो. उजेड मिणमिणता. डोळे तासन्‌तास वर, छताकडे ताणलेले. वर्षानुवर्षं असं केलं की एक दिवस डोळे ऐकेनासे होतात. आपोआप थरथरायला लागतात. मग दिवे नाचतात, माणसं नाचतात, सगळं जग हलतं. खाली बघितलं तर थोडे शांत असतात. वर बघितलं की संपलं. म्हणून ज्याला नाच लागतो तो मान मागे टाकतो, म्हणजे समोरचं बघायलाही डोळे खालीच ठेवता येतात.

आणि हा बाबा गोलकीपर! उंच चेंडू बघणं हेच त्याचं काम. 

नेट्टीला फार दिवस फसवता आलं नाही. एका रविवारी त्यानं चहा ओतला तो अर्धा कपात आणि अर्धा टेबलावर. तिनं चमचा उचलून त्याच्या नाकासमोर धरला. "याच्याकडे बघ. मान हलवायची नाही." चमचा वर वर नेत गेली. मी दारामागून बघत होते. गॅव्हिनचे डोळे एकदम थरथरायला लागले, जाळ्यात सापडलेले मासे तडफडतात तसे.

नेट्टीनं चमचा खाली ठेवला. "कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"सांगून काय होणार होतं? तू उभी राहणार होतीस गोलात?"

"तुझ्यापेक्षा बरी उभी राहिले असते," ती म्हणाली आणि पदर नसलेल्या बाया करतात तसं एप्रनमध्ये तोंड लपवून रडली.

रडून झाल्यावर दोघं बसून बोलले. डॉक्टरकडे जावं तर तो दाखला देणार. दाखला मिळाला की खाणीचं काम बंद, आणि खाणीचं काम बंद म्हणजे कंपनीचं घर रिकामं करा. थिसलवाले तरी नाच लागलेला गोलकीपर कशाला ठेवतील? दोन्हीकडून दारं बंद. औषध फक्त एक होतं आणि ते सगळ्या वस्तीला माहीत होतं. शेजारचा एक म्हातारा खाण सोडून रेल्वेच्या फाटकावर बसायला लागला आणि दोन वर्षांत त्याचे डोळे थांबले. दिवसाउजेडी राहायचं, बस्स.

नेट्टी म्हणाली, "मग तुला वर राहायचंय. एखाद्या मोठ्या क्लबनं तुला घेतलं, आठवडाभराचा पगार दिला, की खाण सुटली."

"मोठा क्लब माझे डोळे बघून घेणार का?"

"तुझे हात बघून घेईल. डोळे दाखवूच नकोस."

झालं! त्या दिवसापासून माझं काम बदललं. आता मी सूर्य अडवत नव्हते, गॅव्हिनचे डोळे लोकांपासून लपवत होते. प्रत्येक शनिवारी तो मला भुवयांपर्यंत खेचायचा. मला गुदमरल्यासारखं व्हायचं. पण मी हू की चू केलं नाही.

संघात हे एकाच माणसाला कळलं. आर्ची स्पीयर्स, बचावाच्या मधोमध खेळणारा, ताडमाड, सात नंबरचाच खाणकामगार. एकदा गॅव्हिन चेंडूखालून हातभर बाजूला गेला तेव्हा आर्चीनं गोलरेषेवरून तो डोक्यानं बाहेर काढला आणि जवळ येऊन पुटपुटला, "नाच?"

"हं."

"गाढवा, आधी नाही का सांगायचं? वरचे सगळे माझे. खालचे तुझे."

आणि खरंच, त्या सबंध मोसमात आर्चीनं गॅव्हिनच्या डोक्यावरचं आकाश सांभाळलं. पेपरवाले आर्चीची तारीफ करत राहिले. कुणाला काही संशय आला नाही.

मग एकोणीसशे सव्वीस साल आलं. मालकांनी मजुरी कापली, तास वाढवले, आणि कामगार ऐकत नाहीत म्हणून खाणींना टाळं ठोकलं. सबंध उन्हाळा आणि त्यापुढचा शरद खाणी बंद. वस्तीत चुली विझल्या. लोक सभागृहातल्या सार्वजनिक स्वयंपाकघरात भांडं घेऊन रांगेत उभे राहायचे, बार्ली आणि सलगमचं पातळ सार मिळायचं. नेट्टीची गालफडं बसली. मी कुठल्या तोंडानं म्हणू की ते दिवस चांगले होते? पण गॅव्हिनच्या डोळ्यांना ते मानवले. तो दिवसभर उघड्यावर असायचा. माळावर ससे धरायचा, त्या काळ्या ढिगात कोळशाचे तुकडे वेचायचा, पोरांशी फुटबॉल खेळायचा. ऑगस्टपर्यंत त्याची मान सरळ झाली. सप्टेंबरात नेट्टीनं पुन्हा चमचा धरला आणि वर नेला, अगदी त्याच्या कपाळापर्यंत. डोळे चमच्यामागे गेले आणि तिथे थांबले.

नेट्टीनं तो चमचा घट्ट धरून ठेवला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

त्या शरदात गॅव्हिन जे खेळला ते मी जन्मात विसरणार नाही. उपाशी पोटी खेळत होता, पण काय खेळत होता! उंचावरचा चेंडू सफरचंद तोडावं तसा काढून घ्यायचा. आर्ची कंबरेवर हात ठेवून म्हणायचा, "मला आता काही कामच उरलं नाही, मी घरी जाऊ का?" नोव्हेंबरात सीमेपलीकडच्या इंग्लंडमधल्या एका मोठ्या क्लबचे मॅनेजर, हॉलिन्ससाहेब, सामना बघायला आले. सामन्यानंतर गॅव्हिनला बाजूला घेऊन म्हणाले, "मला तू आवडलास. पण आमच्या मंडळींना मी नुसतं सांगून चालत नाही. जानेवारीत पुन्हा येतो. असाच खेळलास तर तिथल्या तिथे सही."

दोघं नवराबायको त्या संध्याकाळी घरभर नाचली. तेवढ्यात बातमी आली, कामगारांनी हार मानली. खाणी उघडणार. जो कामावर येणार नाही त्यानं घर खाली करावं.

"जाऊ नकोस," नेट्टी म्हणाली. "जानेवारीपर्यंत कसंही काढू."

"कुठे काढू? गटारात?"

"माझ्या आईकडे जाऊ."

"तिथे आधीच नऊ माणसं एका खोलीत आहेत, नेट्टी. आणि आर्ची जातोय, सगळे जातायत. मी काय साहेबांची वाट बघत घरात बसू? लोक शेण घालतील तोंडात."

ती खूप भांडली. तिनं कढईसुद्धा फेकली, ती माझ्या खिळ्यापाशी आदळली. पण सोमवारी पहाटे त्यानं शेजारच्या खिळ्यावरून त्या तेलकट टोपीला उचललं आणि गेला. ती जाताना माझ्याकडे बघत होती. आम्हा दोघींनाही माहीत होतं आता काय होणार ते.

आणि तसंच झालं. नाताळ येईपर्यंत मी पुन्हा घसरायला लागले.

जानेवारीतल्या त्या शनिवारी आमचा सामना पोर्टगार्वीशी होता. हॉलिन्ससाहेब लाकडी स्टँडमध्ये, मांडीवर घोंगडी घेऊन बसलेले. आणि आर्ची? आर्ची घरी. गुरुवारी खाणीत कोळशाची गाडी त्याच्या घोट्यावरून गेली होती. त्यानं निरोप पाठवला होता, "तुझं आकाश आज तुलाच सांभाळायचंय. माफ कर." त्याच्या जागी एक ठेंगणा पोरगेला खेळाडू होता, मनानं चांगला, पण उंच चेंडूला त्याचा काय उपयोग!

खेळाडूंच्या खोलीत गॅव्हिननं मला इतकं खाली ओढलं की माझी शिवण करकरली.

पोर्टगार्वीचा सेंटर फॉरवर्ड होता रॅब गेडिस. रुंद खांद्यांचा, लाल केसांचा, हवेत उडी मारली की खाली यायला विसरणारा. तोही खाणकामगारच. त्याची एक ख्याती होती. त्या काळी गोलकीपरला खांद्यानं धडक देणं नियमात बसायचं, आणि रॅब ती जोरात द्यायचा, पण कधी हात लावला नाही, कधी मागून ढकललं नाही. पंचांना त्याचं नाव लिहून घ्यायची वेळ आली नव्हती आणि याचा त्याला भारी गर्व होता.

पहिल्याच कॉर्नरला तो गॅव्हिनला खेटून उभा राहिला. एकदा त्याच्याकडे बघितलं. मग वाकून माझ्या चोचीखाली बघितलं. 

"कुठली खाण?" त्यानं हळूच विचारलं.

"सात नंबर."

"बुटका थर?"

गॅव्हिननं मला आणखी खाली ओढलं.

"माझा बाप अशीच मान टाकतो," रॅब म्हणाला. तेवढ्यात कॉर्नर आला, कुणीतरी तो बाहेर मारला आणि रॅब पळत निघून गेला.

आता याला माहीत होतं. संपलं, असं मला वाटलं. पण पहिला अर्धा भाग तसाच निघाला. चेंडू चिखलात अडकत होता, खालूनच खेळ चालला होता, आणि खालचे चेंडू गॅव्हिन कुणाला जाऊ देतो! दोनदा तो पायांत झेपावला. स्टँडमध्ये हॉलिन्ससाहेबांनी घोंगडी बाजूला केली. आमच्याकडून एक गोलही झाला. थिसल एक, पोर्टगार्वी शून्य. मध्यंतरात खेळाडूंना गरम सार मिळालं.

दुसऱ्या भागात उजेड कमी झाला. सूर्य त्या काळ्या ढिगामागे गेला आणि मैदानावर गढूळ अंधार पसरला. असा उजेड म्हणजे नाचाला आमंत्रण. मी गॅव्हिनच्या कपाळावरची शीर उडताना अनुभवत होते. आणि तेव्हा रॅबनं आपल्या कडेच्या खेळाडूंकडे हात करून आरोळी दिली, "उंच टाका! सगळे उंच टाका!"

मी त्याला इतक्या शिव्या घातल्या की टोपीच्या जातीला शोभणार नाहीत. पण खेळ तो खेळ. त्याच्या संघावर एक गोल चढला होता, आणि त्याला आमचं उघडं दार दिसलं होतं.

चेंडू येत गेले. पहिल्या चेंडूवर गॅव्हिननं वर बघितलं आणि त्याला तीन-चार चेंडू दिसले असणार, कारण त्यानं नुसत्याच मुठी हवेत फेकल्या. एक मूठ कशीबशी लागली. दुसरा आडव्या दांडीवर आपटून बाहेर गेला. लोक ओरडायला लागले, "मेकल, जागा हो!" हॉलिन्ससाहेब उभे राहिले होते.

तिसऱ्या चेंडूला गॅव्हिननं वर बघितलंच नाही.

मला कळेना हा करतोय काय. त्यानं मान सरळ केली, डोळे खाली वळवले आणि रॅबच्या बुटांकडे बघत राहिला. खाली बघताना त्याचे डोळे शांत असायचे ना! रॅबचे बूट चिखलात रुतले, वाकले आणि सुटले. त्याच क्षणी गॅव्हिन उडाला, रॅबच्या डोक्याच्या वर, आणि धप्प! चेंडू त्याच्या हातात. मला आनंदानं उडून जावंसं वाटलं. रॅबला चेंडू कुठे येणार हे बरोबर कळायचं, म्हणून आता ते गॅव्हिनलाही कळत होतं.

त्यानं असे किती धरले मी मोजले नाहीत. प्रत्येक वेळी बूट, उडी, हात. प्रत्येक वेळी माझा जीव मुठीत. अंधार दाट होत चालला, पंच घड्याळ बघायला लागले. आता थोडंच राहिलं होतं.

आणि रॅबच्या लक्षात आलं. एका कॉर्नरआधी तो गॅव्हिनच्या डोळ्यांकडे बघत होता, मग त्यानं स्वतःच्या बुटांकडे बघितलं आणि गालातल्या गालात हसला.

कॉर्नर आला. रॅबचे बूट वाकले, सुटले. गॅव्हिन उडाला. पण चेंडू तिथे नव्हताच! रॅबनं रिकामीच उडी मारली होती. चेंडू मागून येत होता. गॅव्हिन हवेत, हात पसरलेले, ओंजळ रिकामी. मी डोक्यावरून उडून चिखलात पडले. रॅब खाली आला, पुन्हा उडाला आणि मोकळ्या गोलात त्यानं डोक्यानं चेंडू घातला.

एक एक. लगेच शिट्टी झाली. सामना संपला.

गॅव्हिननं मला चिखलातून उचललं. डोक्यावर घातलं नाही, नुसतं दोन्ही हातांत पिळत चालला. खोल्यांकडे जाणाऱ्या बोळात हॉलिन्ससाहेब उभे होते, पण ते गॅव्हिनशी बोलले नाहीत. त्यांनी रॅबला अडवलं. पोर्टगार्वीचे खेळाडू, त्यांचे मॅनेजर, दोन पेपरवाले, सगळे भोवती होते. आम्ही तीन पावलांवर भिंतीला टेकून उभे होतो.

"तुला एक विचारतो," साहेब म्हणाले. "तू जवळून बघितलंस. चेंडू एकीकडे आणि हा उडाला भलतीकडेच. याचे डोळे ठीक आहेत ना?"

गॅव्हिनची बोटं माझ्या कापडात रुतली. रॅबनं आमच्याकडे बघितलं.  माझी तर छातीच नाही, तरी ती धडधडत होती.

"डोळ्यांचं काय विचारता साहेब," रॅब म्हणाला. "मी ढकललं त्याला. दोन्ही हातांनी. अंधारात पंचांना दिसलं नाही."



"काय बोलतोयस तू, रॅब?" त्याचे मॅनेजर ओरडले. "तू? तू ढकललंस?"

"हो, ढकललं. गोल हवा होता, ढकललं. नाही तर तो हातात आलाच होता त्याच्या."

पेपरवाल्यांच्या पेन्सिली चालायला लागल्या. हॉलिन्ससाहेबांनी रॅबकडे असं बघितलं, जणू बुटाला काहीतरी घाण लागलीय. मग ते गॅव्हिनकडे वळले. "हात दाखव." गॅव्हिननं हात पुढे केले, त्यातल्या एकात मी होते. साहेबांनी मला बाजूला सारलं, ते तळवे बघितले आणि खिशातून कागद काढला. गॅव्हिननं सही केली तेव्हा त्याचे डोळे कागदावर होते, खाली, म्हणून शांत होते.

बाहेर कुंपणापाशी त्यानं रॅबला गाठलं. "का केलंस रे?"

"गोल माझा होता," रॅब म्हणाला. त्याचा आवाज रागानं कापत होता. "चांगला गोल होता. आयुष्यात असा एखादाच जमतो. सोमवारी पेपरात मला लबाड म्हणतील. तेवढं ध्यानात ठेव."

"ठेवीन. पण का?"

"माझा बाप घास तोंडात घालायला जातो आणि गालाला लावतो. माझी आई त्याला भरवते. आता तू माझ्यासमोरून जा बाबा, उजेडात जा, नाही तर मी खरंच ढकलीन."

सोमवारी पेपरात आलंच. 'गेडिसचा काळा गोल.' त्या मोसमात प्रत्येक मैदानावर त्याची हुर्यो झाली असं आम्ही ऐकलं. कुठलाही मोठा क्लब त्याच्याकडे फिरकला नाही.

आम्ही दक्षिणेला गेलो. निघताना मी खाणीच्या टोपीचा निरोप घेतला, ती त्याच खिळ्यावर राहिली. तिथे गॅव्हिन सकाळी उघड्या मैदानावर सराव करायचा, दुपारी नेट्टीबरोबर फिरायचा. वसंत येईपर्यंत त्याचे डोळे थांबले ते कायमचे. पुढची कितीतरी वर्षं तो त्या गोलात उभा होता आणि मी त्याच्या डोक्यावर, भुवयांच्या चांगली वर, ऐटीत. लोक त्याला नावानं हाक मारायचे, पोरं माझ्या चोचीला हात लावून बघायची. सुखाचे दिवस होते, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नसतं.

गॅव्हिननं खेळणं सोडलं त्या उन्हाळ्यात आम्ही पोर्टगार्वीला गेलो. वर्षानुवर्षं जायचं जायचं म्हणत होता, पण पाय उचलत नव्हता. विचारत विचारत खाणकामगारांच्या चाळीत पोचलो. एका दाराबाहेर, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर एक माणूस बसला होता. रुंद खांदे. लाल केसांत पांढरे. मान मागे टाकलेली, हनुवटी वर.

गॅव्हिन त्याच्यापुढे जाऊन थबकला. काही बोलेना. 

"कोण आहे?" खुर्चीतला माणूस म्हणाला. "नाव सांगा आधी. असं गप्प उभं राहू नये माणसानं. मला नुसतं हलताना दिसतं."

"मी... तू ज्याला ढकललं होतंस तो."

रॅबच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलं नाही. मग तो मोठ्यानं हसला, इतका की शेजारणी दारात आल्या.

"अरे हट्!" तो म्हणाला. "बोटसुद्धा लावलं नव्हतं तुला!"

"माहीत आहे," गॅव्हिन म्हणाला, आणि तिथेच, चाळभर लोकांसमोर, घळाघळा रडला. रॅब हात पुढे करून त्याचा खांदा शोधत होता. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा सापडला.

रॅबच्या डोळ्यांना ऊन सोसत नव्हतं. गॅव्हिननं मला काढलं आणि त्याच्या डोक्यावर ठेवलं. मला वाटलं निघताना परत घेईल. घेतलं नाही.

आता मी इथेच असते. रॅबचं डोकं गॅव्हिनपेक्षा मोठं आहे, शिवण ताणते, पण तक्रार नाही. त्याला खाण सोडायला फार उशीर झाला, डोळे आता थांबायचे नाहीत असं डॉक्टर म्हणतात. दर उन्हाळ्यात गॅव्हिन येतो, दोघं भिंतीला टेकून बसतात आणि प्रत्येक वेळी गॅव्हिन चाळीतल्या पोरांना जवळ बोलावून तो गोल पहिल्यापासून सांगतो, रिकामी उडी, मागून आलेला चेंडू, सगळं. "या माणसानं मला फसवलं," तो सांगतो. "स्वच्छ फसवलं. हात लावला नाही." पोरं रॅबकडे बघतात आणि रॅब मला सरळ करतो.

तुम्ही कधी पोर्टगार्वीला आलात तर या चाळीवरून जरूर जा. दारात लाल केसांचा, मान मागे टाकलेला माणूस दिसेल. नुसतं हसू नका, हात हलवू नका, त्याला ते दिसत नाही. जवळ जा, आपलं नाव सांगा आणि त्याला त्या गोलाबद्दल विचारा. येते मी.